बालवाडीचा दिवस आखताना

नव्या ताईंच्या टाचणवहीत बहुतेक वेळा असं लिहिलेलं असतं: ९.३० गोष्ट, ९.४५ रंगकाम, १०.०० अंक, १०.१५ खाऊ. वहीत हे नीटनेटकं दिसतं. वर्गात मात्र पावणेदहाला रंग कालवायचेच राहिलेले असतात, सहा जणांच्या हाती ब्रश असतो आणि बाकीची एकोणीस मुलं नुसती बसलेली असतात. चार वर्षांचं मूल रिकाम्या हाताने फार तर तीन-चार मिनिटं बसतं. मग शेजारणीची वेणी ओढली जाते, कुणी खिडकीत चढतं, कुणी ठोकळ्यांचा डबा उपडा करतं. ताईंचा आवाज चढतो आणि रंगकाम फसलं असं वाटतं. रंगकाम चांगलंच होतं. त्याच्या अलीकडची आणि पलीकडची पाच-पाच मिनिटं कुणी आखलेली नव्हती, म्हणून सगळं विस्कटलं.

हात धुण्याचा साधा हिशोब मांडून बघा. पंचवीस मुलं, एक नळ, प्रत्येकी अर्धा मिनिट. साडेबारा मिनिटं झाली, आणि त्यातला बहुतेक वेळ रांगेत धक्काबुक्की. त्यामुळे टाचण लिहिताना प्रत्येक दहा मिनिटांसमोर एकच प्रश्न ठेवा: या वेळात प्रत्येक मुलाच्या हाताला काय काम आहे? ज्या ओळीसमोर उत्तर सापडत नाही, तिथे गलका होणार हे आदल्या दिवशीच कळतं.

पुढचं सगळं चार-पाच वर्षांची पंचवीस मुलं, एक ताई, एक मदतनीस, एक खोली आणि तीन तास हे धरून लिहिलं आहे. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असतात, त्याबद्दल शेवटाकडे आहे.

आधी मुलं बघा, मग आखा

पहिल्या आठवड्यात कुठलंही उद्दिष्ट गाठायला जाऊ नका. वहीत मुलांची नावं लिहून समोर रकाने पाडा आणि खेळ चालू असताना बघत भरत जा. दोन्ही पायांवर उडी मारता येते का, मणी ओवता येतो का, कात्री उघडते-मिटते का, शू लागली की सांगतं का, स्वतःच्या हाताने खातं का, घरी कुठली बोली बोलतात. दिवसाला पाच-सहा मुलंच बघायची. पंचवीस एकदम बघायला गेलात तर एकही धड बघून होत नाही.

बोलीचा रकाना सर्वात महत्त्वाचा. पालघरमध्ये वारली, नंदुरबारकडे पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, खानदेशात अहिराणी, आणि शहरातल्या वर्गात तर हिंदी, कन्नड, भोजपुरी एकाच सतरंजीवर असतात. मदतनीस गावातल्याच असतात, त्यांच्याकडून वीस-पंचवीस शब्द लिहून घ्या: पाणी, शू, भूक, दुखतंय, ये, बस, दे, आई येईल, घाबरू नको. पहिल्या पंधरवड्यातलं निम्मं रडणं हे न कळण्याचं असतं, आणि ते या शब्दांनी थांबतं. गप्पांमध्ये मूल घरच्या बोलीत बोललं तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या आणि तीच गोष्ट तुम्ही मराठीत सहज म्हणा.

पहिले दहा-बारा दिवस रोजचा क्रम तोच ठेवा, अगदी गाणंसुद्धा तेच. मोठ्यांना त्याचा कंटाळा येतो, मुलांना आधार वाटतो. खाऊनंतर अंगण, अंगणानंतर गोष्ट, गोष्टीनंतर खेळ आणि मग आई येते, हे एकदा अंगवळणी पडलं की दारात बसून राहणारं मूल आपणहून आत येतं.

तीन तासांची चौकट

बसून करायचं काम आणि अंग हलवायचं काम आलटून पालटून घ्या. सगळ्यांना एकत्र बसवून घ्यायचं काम चार वर्षांच्या वर्गात दहा-बारा मिनिटांच्या पुढे नेऊ नका. मुक्त खेळ मात्र अर्ध्या तासाहून कमी नको. त्यातली पहिली आठ-दहा मिनिटं काय खेळायचं हे ठरवण्यातच जातात, आणि खेळ रंगात आल्यावर तो मोडला तर रुसवे होणारच.

९.०० ते ९.२० आल्याबरोबर मांडलेल्या साहित्याशी खेळ
९.२० ते ९.३० गोलात गप्पा, हजेरी
९.३० ते १०.१० गटकाम
१०.१० ते १०.३५ हात धुणे, खाऊ
१०.३५ ते ११.०५ अंगणातला खेळ
११.०५ ते ११.१५ गोष्ट किंवा गाणी
११.१५ ते ११.५० मुक्त खेळ, आवराआवर
११.५० ते १२.०० उद्या काय करायचं ते, निरोप

पहिली ओळ चुकवू नका. मुलं एका वेळी येत नाहीत. सगळी येईपर्यंत बसवून ठेवलं तर नऊला आलेलं मूल वीस मिनिटं वाट बघतं आणि दिवसाची सुरुवातच कंटाळ्याने होते. शाळा सुरू होण्याआधी सतरंजीवर तीन-चार ठिकाणी साहित्य मांडून ठेवा, म्हणजे आलं की मूल सरळ खेळायला बसेल.

अंगणाची वेळ ऋतूप्रमाणे हलवावी लागते. मार्चपासून दहा वाजताच ऊन तापतं, तेव्हा अंगण नऊलाच घ्या. जूनमध्ये उलटी अडचण. वर्गाची सुरुवातच पावसात होते, आणि नवी, रडवेली, दंगेखोर मुलं चार भिंतींत कोंडली जातात. त्या महिन्यासाठी खोलीतल्या हालचालीची वेगळी यादी करून ठेवा: खडूने काढलेल्या रेघेवरून चालणे, जमिनीवर नागमोडी टाकलेल्या सुतळीवरून डोक्यावर पाटी घेऊन चालणे, सतरंजीच्या गुंडाळीवरून उड्या, टेबलाखालून रांगणे, कागदाच्या बोळ्यांनी टोपलीत नेम धरणे. खोली लहान असेल तर एका वेळी आठ मुलं हलतात आणि बाकीची टाळ्यांचा ताल धरतात. ताल धरणं हेही हाताला कामच.

एका कामाकडून दुसऱ्याकडे जाताना सगळ्यांना एकदम उठवू नका. चार-चार जणांना बोलवा, आणि बोलावण्यातच खेळ करा: लाल कपडे घातलेले, कानात डूल असलेले, ‘स’ने नाव सुरू होणारे. शेवटचा प्रकार रोज केला तर महिन्याभरात मुलं नावांचा पहिला आवाज ओळखू लागतात, आणि पुढच्या वाचनाची ती खरी पायाभरणी आहे. हात धुवायला नळाशेजारी दोन बादल्या आणि दोन मग ठेवले की एका वेळी तिघं धुतात आणि साडेबारा मिनिटांचं काम चार-पाच मिनिटांत आटोपतं. बाकीची तोवर गाणं म्हणतात. मदतनीस बादल्यांपाशी, ताई सतरंजीवर, हे आधी ठरलेलं असू द्या.

गटकाम: ताई लागणारं काम एका वेळी एकच

गटकामाच्या चाळीस मिनिटांत मुलांचे चार गट करा: सहा, सहा, सहा आणि सात. त्यातल्या एकाच गटाला तुमची गरज पडेल असं काम द्या. उरलेल्या तीन गटांना जे काम आपलं आपण जमतं तेच द्यायचं: ठोकळे, बाहुलीघर, मणी ओवणे. नव्या ताई हौसेने चारही गटांना नवी कामं देतात. मग चारही बाजूंनी ‘ताई, ताई’ सुरू होतं आणि कुठल्याच गटाशेजारी पाच मिनिटं बसायला मिळत नाही. नवं काम आधी तुमच्या गटात आठवडाभर करून घ्या, मगच ते आपलं आपण करायच्या यादीत टाका. वीस मिनिटांनी गट बदलायचे. म्हणजे दिवसाला दोन गट तुमच्याकडे येतात आणि दोन दिवसांत सगळा वर्ग होतो. साहित्यही सात जणांपुरतंच लागतं, आणि पंचवीस ब्रश आणायचे कुठून ही चिंता मिटते.

उदाहरण म्हणून भेंडीचे ठसे पूर्ण आखून बघू.

सात मुलांना आठ-नऊ भेंड्या, एखादी तुटतेच. कोवळी नको, दाबली की चेपते; जरा जून भेंडी घ्या. देठाकडून बोटभर अंतरावर आडवी कापा आणि देठाकडचा भाग वापरा, देठ धरायला उपयोगी पडतो. कापणं आपलं काम, आणि ते मुलं यायच्या तासभर आधी उरका. कापलेली बाजू खाली करून वर्तमानपत्रावर ठेवा. ताज्या कापलेल्या भेंडीचा बुळबुळीतपणा रंग पातळ करतो आणि ठसा पसरतो, तासाभरात तो बराच कागदात शोषला जातो.

रंग वाटीत देऊ नका. वाटीत बुडवलेल्या भेंडीतून थेंब गळतात आणि ठशाऐवजी डाग पडतात. तीन उथळ ताटल्यांत जुन्या सुती कापडाच्या तीन-चार घड्या ओल्या करून, घट्ट पिळून ठेवा. त्यावर दोन चमचे पोस्टर रंग आणि एक चमचा पाणी एकत्र करून पसरा. पोस्टर रंग नसेल तर गेरू दाट कालवून त्यात चमचाभर खळ (मैद्याची चिकी, कृती पुढे आहे) मिसळा. दोन-तीन मुलांत एक ताटली. कागद मोठा हवा. लहान चिठोऱ्यावर दोन ठसे मारले की जागा संपते आणि मूल ‘झालं’ म्हणून उठतं. कागदाच्या मागे नाव आधीच पेन्सिलीने लिहून ठेवा, कारण ओल्या कागदावर नंतर लिहिता येत नाही आणि कुणाचा कोणता यावरून भांडणं होतात.

दाखवताना शब्द तीनच: ठेव, दाब, उचल. मुलं हमखास भेंडी कागदावर घासतात, कारण खडूची तीच सवय असते. हात धरून करून घेऊ नका, शेजारी बसून स्वतःच्या कागदावर सावकाश दाखवा. तुम्ही केलेला सुरेख नमुना फळ्यावर लावू नका. तो दिसला की मुलं ‘मला येत नाही, तुम्ही करा’ म्हणतात आणि कागद पुढे सरकवतात.

दहा ठसे झाले की मन भरतं. तेव्हा विचारा: भेंडीच्या पोटात किती घरं आहेत? बहुतेक भेंडीत पाच असतात, क्वचित सहा-सात. ठशावर बोट ठेवून मोजायला हे फार उत्तम, कारण सगळी घरं एकदम दिसतात. पाच वर्षांच्या मुलांना पुढे लाल-पिवळा-लाल-पिवळा अशी ओळ करायला सांगा. लवकर उठणाऱ्या मुलासाठी ओलं फडकं तयार ठेवा आणि ताटलीभोवतालची जागा पुसायला द्या. हे काम मुलांना रंगकामाइतकंच आवडतं.

वाळवायची सोय आधी करा. साधा ए-फोर कागद २१ सेंटीमीटर रुंद असतो. दोन गटांचे तेरा कागद उभे टांगायला पावणेतीन मीटर दोरी लागते, तेव्हा तीन मीटर सुतळी आणि पंधरा चिमटे आदल्या दिवशीच बांधून ठेवा. ही सोय नसली की ओले कागद एकमेकांवर पडतात आणि दुसऱ्या दिवशी मुलाला आपलं चित्र फाडून सोडवलेलं मिळतं.

टाचणवहीत हे सगळं सात-आठ ओळींत बसतं: कोण, काय, किती साहित्य, कुठे, मी काय म्हणेन, लवकर झालेल्यांना काय, आवरायचं कसं. ‘लवकर झालेल्यांना काय’ ही ओळ कधीही कोरी सोडू नका.

माती, खळ आणि बिया

हातात पेन्सिल येण्याआधी बोटांत जोर यायला हवा. तो मळण्याने, फाडण्याने, पिळण्याने, चिमटे लावण्याने येतो. माती कुंभाराकडची किंवा शाडूची घ्या. आपण खणून आणलेली माती वाळवून, कुटून, चाळून घ्यायलाच हवी, काचेचे तुकडे आणि काटे त्यातच असतात. कणकेचा गोळा हवा असेल तर सहा मुलांना दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल आणि लागेल तसं पाऊण वाटीपर्यंत पाणी. मिठामुळे तो टिकतो, पण पावसाळी हवेत तेच मीठ ओल धरतं आणि गोळा हाताला चिकटू लागतो. तेव्हा थोडा मैदा घालून पुन्हा मळा. ज्या वस्तीत घरी पीठ जपून वापरावं लागतं, तिथे मात्र कणीक खेळायला देऊ नये, माती द्यावी. मुलं घरी जाऊन सांगतात, आणि आईला ते लागतं.

चिकटकामाची खळ: एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, उकळत्या तीन वाट्या पाण्यात हळूहळू ओता आणि पारदर्शक झाक येईपर्यंत ढवळा. एवढी खळ वर्गाला दीड-दोन दिवस पुरते, नंतर आंबते. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी असतं, मुलांच्या खळीत ते अजिबात नको. मुलाला बाटली देऊ नका, बाटलीतून खळ धो-धो येते. झाकणात चमचाभर द्या आणि एका बोटाने लावायला सांगा.

बियांबाबत काटेकोर राहा. गुंज दिसायला सुंदर, लाल-काळी, आणि मोजायला सोयीची, म्हणून कुणीतरी हौसेने डबाभर आणून देतं. ती अत्यंत विषारी आहे. चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. एरंडीच्या बियाही तशाच. दोन्ही वर्गात येऊ देऊ नका. चिंचोके, सागरगोटे, राजमा हे चार वर्षांपुढच्या मुलांना, तुम्ही शेजारी असतानाच. देताना मोजून द्या, घेताना मोजून घ्या, कारण नाकात गेलेला चिंचोका घरी गेल्यावर कळतो. नाकात किंवा कानात काही गेलंच तर चिमट्याने ओढायला जाऊ नका, ते आणखी आत सरकतं. मुलाला दवाखान्यात न्या. तीन वर्षांच्या मुलांना मोजायला-लावायला मोठ्या वस्तू: बरण्यांची झाकणं, वाट्या, दीड-दोन इंची ठोकळे. पाण्याच्या बाटलीचं झाकणही त्या वयाला लहानच.

साहित्य विकत आणायला पैसे नाहीत ही अडचण खरी असते, पण तिच्यावरचा मार्ग महाराष्ट्रात जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच काम केलं: महागड्या साधनांऐवजी पानं, दगड, शिंपले, बिया, बांबू, आणि मुलं शाळेत येत नसतील तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची. आजही प्रत्येक पालकाकडून एक रिकामी बरणी, एक जुनी ओढणी आणि खोक्याचा पुठ्ठा मागितला तर बाहुलीघर, दुकान आणि बाहुलीनाट्याचा पडदा उभा राहतो.

एक गोष्ट चार दिवस

रोज नवी गोष्ट शोधत बसू नका. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घ्या. पहिल्या दिवशी फक्त सांगा, पुस्तक नाही, चित्र नाही, आवाज आणि हात एवढंच. दुसऱ्या दिवशी पालुपद मुलांना म्हणू द्या आणि जनावरांचे आवाज त्यांच्याकडून घ्या. तिसऱ्या दिवशी पाच-सहा मुलांनी नाट्य करायचं, बाकीची जंगल होऊन उभी. भोपळा म्हणून एक चादर पुरते. चौथ्या दिवशी गटात तीन-चार चित्रं क्रमाने लावायची, नाहीतर मुलांनी स्वतःच काढायची आणि ती काय सांगतात ते चित्राखाली त्यांच्याच शब्दांत तुम्ही लिहायचं. आपलं बोलणं अक्षरांत उतरताना मूल डोळे विस्फारून बघतं. वाचनाची ओढ तिथे लागते.

आठवड्याच्या विषयाचंही तसंच. पाणी, भाजी, घर असे विषय दोन-दोन आठवडे चालवा. पोळ्याच्या आसपास मातीचे बैल, बाजाराच्या दिवशी भाज्यांचं दुकान हे ओघाने येऊ द्या. पण ‘पाणी’ विषय आहे म्हणून निळ्याच कागदाचं चिकटकाम आणि निळेच मणी अशी ओढाताण नको.

तीन वयं, एक खोली

अंगणवाडीत वयाप्रमाणे तीन वेगळी टाचणं काढू नका, एका ताईला ते झेपणारं नाही. साहित्य एक, काम तीन पायऱ्यांचं. समजा अंगणातून पानं गोळा केली. तीन वर्षांची मुलं मोठी आणि लहान पानं दोन टोपल्यांत टाकतील. चार वर्षांची लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावतील. पाच-साडेपाच वर्षांची मोजतील, पाटीवर तेवढ्या रेघा ओढतील आणि कुठल्या टोपलीत जास्त ते सांगतील. गट मात्र रोज वयाचेच नकोत. आठवड्यातले दोन दिवस मिश्र ठेवा. बटण लावायला, मणी ओवायला लहान मूल ताईपेक्षा शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाकडून लवकर शिकतं.

‘लिहायला कधी शिकवणार?’

ऑगस्ट उजाडला की पालक हे विचारतातच. त्यांना उडवून लावू नका, काळजी खरी असते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर धरला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे, हे सांगता येईल, पण पालकांना पटतं ते मुलाचं काम. प्रत्येक मुलाची एक पुठ्ठ्याची फाईल ठेवा, महिन्याला तीनच कागद, मागे तारीख. जूनमधली गिरगोट आणि सप्टेंबरमधला डोळे-हात-पाय असलेला माणूस शेजारी ठेवून दाखवा. त्यांच्यासमोर मुलाला सुतळीला दहा चिमटे लावायला सांगा, आणि अक्षर काढायला लागणारा बोटांतला जोर तो हाच, हे दाखवून द्या.

हुकमी डबा

मदतनीस रजेवर, अचानक आलेली तपासणी, कुणाला उलटी झाली, वीज गेली: महिन्यातून तीन-चार दिवस टाचण बाजूला ठेवावंच लागतं. त्या दिवसांसाठी एक झाकणाचा डबा तयार ठेवा. त्यात पंचवीस खडू, दहा मीटर सुतळी, कापडाची दोन बाहुली, एक घुंगरू किंवा खुळखुळा, पाच ओढण्या, वर्तमानपत्राचा गठ्ठा आणि मुलांना तोंडपाठ असलेल्या दहा गाण्यांची यादी. वर्तमानपत्र फाडणं, त्याचे बोळे करणं, नेम धरणं आणि शेवटी सगळे बोळे टोपलीत भरणं यात पंचवीस मुलांचा अर्धा तास सहज जातो, आणि तेवढ्यात उलटी झालेल्या मुलाला धुऊन-पुसून कपडे बदलता येतात. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही, पण तुम्हाला पाठ न वळवता घेता येईल अशा उंचीवर, दाराजवळ ठेवा. वापरला की त्याच दिवशी पुन्हा भरा.